पाठ सुटली, छाती धरली

किल्लेदारांची पाठ धरली ती मोजा घालताना. एखादं कपाट सरकवताना धरली असती, जिन्यावरून घसरणाऱ्या कुणाला सावरताना धरली असती, तर चारचौघांत सांगायला तरी बरं पडलं असतं. पण नाही. पलंगाच्या काठावर बसून डावा मोजा टाचेपर्यंत आला आणि पाठीत कुणीतरी आतून कडी घातली. वर येता येईना, खाली जाता येईना. बायको स्वयंपाकघरातून येईपर्यंत सात-आठ मिनिटं ते आपल्याच पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले होते. छप्पन्न वर्षांत त्या अंगठ्याकडे त्यांनी एवढं लक्ष दिलं नव्हतं.

ऑफिसात त्यांनी 'फाइलींचा गठ्ठा उचलताना' असं सांगितलं. गठ्ठे शिपाई उचलतो आणि किल्लेदार बाजूला उभं राहून 'सांभाळून' एवढंच म्हणतात, हे सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. तरी कुणी काही बोललं नाही. किल्लेदारांच्या बाबतीत त्या ऑफिसात पुष्कळ गोष्टी कुणी बोलत नसे. ते पुढे येईलच.

किल्लेदार हे त्यांचं आडनाव नव्हे, हेही सांगून टाकलेलं बरं. रेकॉर्ड रूमची किल्ली बावीस वर्षं त्यांच्या ताब्यात होती म्हणून कुणीतरी मागे हे नाव ठेवलं. त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, म्हणजे मनातून त्यांना आवडलं. आणि किल्ली कसली, हत्यारच ते. तळहाताएवढी, लोखंडी, वर कडं आणि खाली तीन दात. फार पूर्वी एकदा ते चहाला गेले आणि किल्ली टेबलावर राहिली. परत आले तर ती जागच्या जागी होती, कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पण किल्लेदारांचं तेवढ्याने भागणार नव्हतं. त्याच दुपारी त्यांनी परिपत्रक लिहिलं, साहेबांची सही आणली, फलकावर लावलं आणि त्याची पोच आपली आपणच घेतली. 'रेकॉर्ड रूमची किल्ली कोणत्याही परिस्थितीत संबंधित कर्मचाऱ्याच्या शरीरापासून विलग करू नये.' दुसऱ्या दिवशी नीट विचार करून त्यांनी शाईने खाली एक ओळ घातली: 'स्नान वगळता.'

तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक बनियनला आतून, डाव्या बाजूला, बायकोने एकेक खिसा शिवला होता. सात बनियन, सात खिसे. पहिले काही महिने ती किल्ली गार लागायची. मग तीही अंगाच्याच उबेची झाली, आणि किल्लेदारांना ती आहे हे जाणवेनासं झालं.

तर पाठ. पाठ धरली आहे हे घरात कळायच्या आधी शेजारी कळलं. शेजारचे ड्रायव्हिंग मास्तर चाळीस वर्षं लोकांना गाडी शिकवून निवृत्त झालेले. जगातला कुठलाही आजार सीट चुकीचं लावल्याने होतो, असं त्यांचं मत होतं.

"तुम्ही खुर्चीत बसता कसे ते दाखवा," मास्तर म्हणाले.

किल्लेदार बसले. म्हणजे भिंतीला धरून, हप्त्याहप्त्याने खाली गेले.

"हेच. गुडघे वर, पाठ मागे. अशाने क्लचवर पाय पोचायचा नाही."

"मी रेकॉर्डला असतो हो, मास्तर. तिथे क्लच नसतो."

"नसला म्हणून काय झालं, पाठीला कुठे कळतंय?" मास्तर म्हणाले आणि पाठीमागे घालायला एक उशी ठेवून गेले. ती उशी इतकी कडक होती की दुसऱ्या दिवशी मानही आखडली.

मग मेव्हणे आले. हे बायकोचे थोरले भाऊ. त्यांची तीन वर्षांपूर्वी बायपास झालेली होती, आणि तेव्हापासून कुणाच्याही दुखण्यात ते अध्यक्षस्थानी बसत. त्यांनी किल्लेदारांच्या पाठीवर दोन बोटं टेकवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "फिजिओ. दुसरा इलाज नाही. माझ्या ओळखीची मुलगी आहे. लहान दिसते, पण हात असा आहे की घोडा सरळ होईल."

"मी घोडा नाही," किल्लेदार म्हणाले.

"म्हणून तर लवकर होईल."

ती मुलगी खरंच लहान दिसत होती. वजन असेल नसेल पन्नास किलो. तिचं क्लिनिक म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या आणि मणक्याचं एक प्लास्टिकचं मॉडेल, आतल्या खोलीत एक उंच टेबल. टेबलाला तोंडाच्या जागी भोक. त्या भोकात तोंड घालून पालथं पडायचं आणि खालची फरशी बघत राहायचं. किल्लेदारांना त्या मुलीचा चेहरा पुढे कधी नीट आठवला नाही, पण तिच्या उजव्या बुटाची नाडी कायम सुटलेली असे, हे ते शपथेवर सांगू शकले असते.

"शर्ट काढा काका. बनियन राहू दे," ती म्हणाली. "खिशात काही असेल तर ट्रेमध्ये काढून ठेवा. चष्मा, मोबाइल, सगळं."

किल्लेदारांनी चष्मा काढला, मोबाइल काढला, दोन पेनं, रुमाल, बसचा पास आणि एक कंगवा काढला. कंगव्याची गरज संपून बारा वर्षं झाली होती, पण सवय.

"अजून काही?"

"काही नाही," किल्लेदार म्हणाले, आणि ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. किल्ली त्यांच्या लेखी खिशातली वस्तू नव्हतीच. तुम्ही-आम्ही फासळ्या ट्रेमध्ये काढून ठेवतो का? तसंच ते.

मग ती स्टुलावर चढली, दोन्ही तळवे त्यांच्या पाठीवर एकावर एक ठेवले आणि सगळा भार टाकला.

"श्वास सोडा."

"सोडला."

"अजून सोडा."

"आता राहिला नाही."

"असतो काका, थोडा राहिलेला असतो," असं म्हणून तिने तोही काढला.

पहिल्या दिवशी त्यांना वाटलं आपण आता इथेच संपणार. दुसऱ्या दिवशी वाटलं, संपलो असतो तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी चमत्कार झाला. सकाळी उठून त्यांनी मोजा घातला, दुसराही घातला, आणि आपण काय केलं हे लक्षात आल्यावर पुन्हा दोन्ही काढून एकदा घालून पाहिले. बायकोला बोलावून दाखवलं. तिने कौतुकाने पाहिलं, कारण त्या घरात बऱ्याच दिवसांत आनंदाचं दुसरं काही घडलं नव्हतं.

आणि त्याच संध्याकाळी छाती दुखायला लागली.

आधी नुसतं ठणकल्यासारखं. मग खोकलं की दुखायचं, जांभई दिली की दुखायचं, कुशीवर वळलं की दुखायचं. डावीकडे, बरोबर जिथे दुखू नये तिथे. किल्लेदारांनी कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. चौथ्या सेशनला त्या मुलीने पुन्हा सगळा भार टाकला, खालून काहीतरी चावल्यासारखं झालं, आणि पाठीच्या इलाजात पुढूनही थोडं चावत असेल अशी त्यांनी मनाची समजूत घातली. ते स्वभावाने तक्रार करणारे नव्हते. तक्रारींच्या फाइली मात्र त्यांनी वर्षवार लावलेल्या होत्या.

घरी आले आणि दोरीवरचा शर्ट काढायला हात वर केला. छातीत अशी कळ आली की हात तिथेच राहिला.

"काय झालं?" बायकोने विचारलं. ती ताटं मांडत होती.

"काही नाही. स्नायू धरलाय."

बोलून गेले आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते.

बायकोने हातातलं ताट खाली ठेवलं. आवाज न करता ठेवलं. "काय म्हणालात?"

"काही नाही म्हटलं."

"त्याच्या पुढे."

किल्लेदार शर्टाची घडी घालायला लागले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. किल्लेदारांचे वडील छप्पन्नाव्या वर्षी गेले. संध्याकाळी घरी आले, खुर्चीत बसले, छातीवर हात ठेवून म्हणाले, "काही नाही, स्नायू धरलाय. अर्धा कप चहा मिळेल का?" चहा टाकायला जी आत गेली ती तेव्हा नवी सून होती, लग्नाला चार महिने झालेली. ती कप घेऊन बाहेर आली तेव्हा सासरे खुर्चीतच होते, पण नव्हते. या गोष्टीला अठ्ठावीस वर्षं झाली. ते वाक्य त्या घरात पुन्हा कुणी उच्चारलं नव्हतं. मान लचकली, पाय मुरगळला, पाठ धरली, सगळं म्हणत. स्नायूचं नाव कुणी काढत नसे. आणि किल्लेदारांना तीन महिन्यांपूर्वी छप्पन्नावं लागलं होतं. त्या दिवशी बायकोने गोडाचं केलं होतं, पण दिवसभर ती फारसं बोलली नव्हती.

त्या रात्री ती जेवली नाही. किल्लेदारही जेवले नाहीत, पण त्यांना भूक होती. अशा वेळी मागून घेणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरात सल्ल्यांचा पूर आला. बायकोने फक्त भावाला सांगितलं होतं. भावाने मास्तरांना विचारलं, कारण मास्तरांकडे गाडी होती आणि वेळ पडली तर लागली असती. मास्तर दार न वाजवता आत आले.

"डावा हात जड वाटतो का?"

"नाही."

"उजवा?"

"नाही."

"दोन्ही हलके वाटतात? मग ते जास्त वाईट."

मेव्हणे म्हणाले, "मलाही आधी असंच काही वाटलं नव्हतं." त्यांनी शर्टाची दोन बटणं काढून आपल्या ऑपरेशनची खूण दाखवली. ती किल्लेदारांनी यापूर्वी सहा वेळा पाहिलेली होती. सातव्यांदा मात्र जरा लक्ष देऊन पाहिली.

"गॅसही असू शकतो," किल्लेदार म्हणाले.

"माझ्या वॉर्डात शेजारच्या कॉटवरचा माणूसही हेच म्हणायचा," मेव्हणे म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. कॉट रिकामी झाली."

बायको उठून आत गेली. किल्लेदारांनी मेव्हण्यांकडे पाहिलं, पण मेव्हणे बटणं लावण्यात गुंतले होते.

खरं सांगायचं तर किल्लेदार घाबरले होते. मरणाला घाबरले होतेच, ते कोण घाबरत नाही, पण त्याहून जास्त एका गोष्टीला. आपण गेलो तर बायकोला दुसऱ्यांदा कप घेऊन बाहेर यावं लागेल. एकाच बाईच्या वाट्याला हे दोनदा येऊ नये. म्हणून त्या दोन दिवसांत त्यांनी चहा मागितलाच नाही. बायकोनेही विचारला नाही. दोघांनाही कारण माहीत होतं आणि दोघेही पाणी पीत बसले.

पाचव्या सेशनला त्यांनी त्या मुलीला सांगितलं. सगळं ट्रेमध्ये काढून ठेवलं, टेबलावर चढले, आणि भोकात तोंड घालण्यापूर्वी सहज म्हणावं तसं म्हणाले, "जरा इथे डावीकडे दुखतं."

तिने हात असा मागे घेतला की जणू तवा लागला. "कधीपासून?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"आणि तुम्ही आत्ता सांगताय? उठा काका. हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय मी हात लावायची नाही."

"पण पाठ अजून पुरती—"

"पाठ राहू दे पाठीमागे," ती म्हणाली. हा विनोद नव्हता, ती खरंच घाबरली होती. किल्लेदार शर्टाची बटणं वरखाली लावून बाहेर आले. बाहेरच्या खुर्चीवर बायको बसलेली होती. तिने बटणांकडे पाहिलं आणि पर्स उचलली.

तिथून थेट हॉस्पिटल. मास्तरांनी गाडी काढली. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेलं, त्यामुळे प्रत्येक वळणावर ते मोठ्याने 'आरसा, इशारा, वळण' असं स्वतःला सांगत होते, आणि ताशी वीसच्या वर काटा गेला नाही. मागून येणारे हॉर्न वाजवत होते. किल्लेदार छाती धरून बसले होते, बायको किल्लेदारांना धरून बसली होती, आणि मेव्हणे पुढे बसून फोनवर कुणाला तरी 'नेतोय, बघू' असं सांगत होते.

हॉस्पिटल किल्लेदारांच्या ऑफिसच्या यादीतलं होतं. म्हणजे तिथे इलाज होतो, पण मंजुरी असेल तर. खिडकीवरच्या बाईंनी कागद मागे सरकवला.

"ऑफिसचं मंजुरीपत्र?"

मेव्हण्यांनी ऑफिसला फोन लावला. आस्थापनेतल्या बाबूने सांगितलं की मंजुरीपत्र पाच मिनिटांत देतो, फक्त त्यासाठी यांची जुनी वैद्यकीय फाइल समोर हवी. मेव्हण्यांनी विचारलं फाइल कुठे आहे. बाबू म्हणाला, "रेकॉर्ड रूममध्ये."

हे ऐकल्यावर किल्लेदार खुर्चीतून उठले. "बरोबर आहे. कपाट क्रमांक अकरा, खालून दुसरा खण. मी जातो, उघडतो, फाइल काढतो, नोंदवहीत नोंद करतो, सही करतो आणि घेऊन येतो. माझ्याशिवाय खोली उघडत नाही."

"कोण जातो?" बायको म्हणाली.

"मीच. किल्ली माझ्याकडे आहे."

"तुम्ही छाती धरून कपाटं उघडणार?"

"मग फाइल येणार कशी? फाइल नाही तर मंजुरी नाही, मंजुरी नाही तर तपासणी नाही. हा नियमच आहे."

"कोणी केला हा नियम?"

किल्लेदार खाली बसले. तो नियम त्यांनीच केला होता. परिपत्रकाच्या नंतरच्या वर्षी.

कितीही दमला तरी माणूस आपल्या कामाचा मान सोडत नाही. किल्लेदार तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून विचार करत होते, की बघा, आज आपण नाही तर एक कागद हलत नाही. छातीत कळ येत होती, पण कुठेतरी बरंही वाटत होतं. इतकी वर्षं एकेक रजा जपून घेतली ती उगाच नाही. आपण नसलो की ऑफिस ठप्प होतं, याची अशी पावती आयुष्यात एकदाच मिळते. ती हॉस्पिटलात मिळावी हे मात्र वाईट.

पस्तीस मिनिटांनी शिपाई आला. किल्लेदारांच्याच बरोबरीचा, त्यांच्या सोबत त्याच मजल्यावर केस पिकलेला. त्याच्या काखेत फाइल होती आणि हातात मंजुरीपत्र.

किल्लेदारांनी फाइल घेतली. तीच. वर त्यांच्याच अक्षरात क्रमांक अकरा, खण दोन. नाडीची गाठही त्यांनीच बांधलेली.

"ही आली कुठून?"

"रेकॉर्ड रूममधून, भाऊसाहेब."

"किल्ली तर माझ्याकडे आहे."

शिपायाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. "तुम्ही आधी बरे व्हा," तो म्हणाला. "ते मागाहून बोलू."

एवढ्यात आतून हाक आली. किल्लेदार ईसीजीच्या खोलीत गेले ते असे, की छातीपेक्षा डोक्यातच जास्त कळा येत होत्या. बायको सोबत आत गेली. टेक्निशियन म्हणाली, "बनियनही काढा." किल्लेदारांनी काढून बायकोच्या हातात दिला.

बनियन हातात आल्याबरोबर बायकोचा हात खाली गेला. बनियनला वजन होतं.

टेक्निशियन वायर लावायला वाकली आणि थांबली. "डॉक्टर, जरा इकडे येता?"

डॉक्टर आले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. किल्लेदारांच्या छातीवर डाव्या बाजूला एक निळा-जांभळा डाग होता. नुसता डाग नव्हे. वर एक गोल कडं, त्याला लांब दांडी, आणि खाली, अगदी स्पष्ट, तीन दात.

"हे काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं. "छातीवर काही पडलं होतं का?"

"काही नाही," किल्लेदार म्हणाले. आंघोळीला ते चष्मा काढत, त्यामुळे त्यांना खरंच काही दिसलं-कळलं नव्हतं.

बायकोला कळलं. तिने बनियन उलटा केला, स्वतःच शिवलेल्या खिशात बोटं घातली आणि किल्ली बाहेर काढली. ती तिने त्या डागावर, न टेकवता, वर धरली. कड्यावर कडं आलं, दातांवर दात आले.

डॉक्टरांनी एकदा किल्लीकडे पाहिलं, एकदा डागाकडे. मग डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "फिजिओच्या टेबलावर पालथं पडताना ही आत होती?"

"होती."

"चारही दिवस?"

"ती शरीरापासून विलग करायची नसते," किल्लेदार म्हणाले. आणि त्यांच्या लक्षात आलं की हे वाक्य फलकावर जितकं भारदस्त वाटतं तितकं टेबलावर उघडं पडून म्हणताना वाटत नाही.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," बायको म्हणाली आणि स्टुलावर बसली. आधी ती हसली. हसताना तोंडावर तो बनियनच धरला. मग बनियन तसाच राहिला आणि खांदे हलायला लागले, तेव्हा किल्लेदारांना कळलं की आता ती हसत नाहीये.

"मला वाटलं तुम्हीही जाताय," ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं झाली, अजून चहा टाकला की मी मागे वळून बघते. तुम्हाला कधी सांगितलं नाही."

किल्लेदारांच्या अंगाला तोवर आठ-दहा वायर लागल्या होत्या, त्यामुळे उठता येईना. त्यांनी हात लांब केला. तो हात आणि तिचं डोकं यांत वीतभर अंतर राहिलं, मग तिनेच स्टूल पुढे ओढलं. टेक्निशियन म्हणाली की हलू नका, पट्टी खराब येते. पहिली पट्टी खराब आली. दुसरी स्वच्छ आली.

हृदय उत्तम होतं. फासळीला मार बसला होता आणि वरचा भाग ठेचला गेला होता. डॉक्टरांनी चिठ्ठीवर एक मलम लिहिलं, दोन गोळ्या लिहिल्या, आणि त्याखाली औषधाच्याच ओळीत लिहिलं, 'किल्ली — बंद.' मास्तरांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं का, बसण्यात काहीतरी चुकतंय." मेव्हण्यांचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी तीन नातेवाइकांना कळवून ठेवलं होतं, आता त्यांना पुन्हा फोन करायचे होते.

बाहेर बाकावर शिपाई अजून बसलेला होता. किल्लेदार त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"सांग आता."

"राहू द्या ना, भाऊसाहेब."

"सांग."

शिपायाने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "त्या दाराच्या कुलपाची जीभ झिजलीय. खांदा असा खाली घेऊन, कडीच्या वीतभर वर, एक धक्का दिला की उघडतं. नंतर ओढलं की आपोआप बसतं."

"कधीपासून?"

"पंधरा वर्षं झाली असतील."

"आणि सगळ्यांना ठाऊक आहे?"

"साहेबांना नाही. साहेब बदलत असतात."

किल्लेदार मनातल्या मनात आपल्या रजा मोजू लागले. त्यांच्या रजेच्या दिवशी ऑफिसातून कधी कुणाचा फोन येत नसे, आल्यावर टेबल स्वच्छ असे, ते आजवर त्यांना आपला धाक वाटत आलं होतं. "मग रोज सकाळी सगळे दारासमोर माझी वाट बघत उभे का राहता?"

शिपायाने विचार केला. "तुम्ही बनियनमध्ये हात घालता, किल्ली काढता, फुंकर मारता, लावता. आम्हाला सवय झालीय. तेवढी दोन मिनिटं बरं वाटतं. आणि तुम्हाला सांगणार कोण? सगळ्यांच्याच जिवावर यायचं ते."

याच्यावर रागवावं की काय करावं, किल्लेदारांना समजेना. अपमान झाला होता यात शंका नव्हती. पण पंधरा वर्षं एवढी माणसं एवढ्या सांभाळून तो झाकून ठेवत होती, असा अपमानही रोज कुणाच्या वाट्याला येत नाही. ते दमले होते. त्यांनी शिपायाच्या गुडघ्यावर थोपटलं आणि गाडीकडे गेले.

पुढच्या चार दिवसांत बायकोने सातही बनियनचे खिसे उसवले. सेशन पुन्हा सुरू झाली. ती मुलगी आता दर वेळी, त्यांच्या पाठीला हात लावण्यापूर्वी, बाहेरच्या खोलीत डोकावून बायकोला विचारत असे, "मावशी, आहे ना तुमच्याकडे?" आणि बायको पर्स वाजवून दाखवत असे. शेवटच्या सेशननंतर किल्लेदार घरी आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण किल्ली परत मागितलीच नाही. बायकोनेही दिली नव्हती. "असू दे तुझ्याकडे," ते म्हणाले.

सोमवारी ते ऑफिसात गेले. रेकॉर्ड रूमसमोर पाच-सहा जण नेहमीसारखे उभे होते. शिपाई सर्वांत मागे. किल्लेदारांचा हात सवयीने शर्टाच्या आत गेला, तिथे नुसती छाती होती, तो हात बाहेर आला. किल्लेदारांनी पिशवी खाली ठेवली, चष्मा काढून खिशात घातला, खांदा खाली घेतला आणि दाराला धक्का दिला.

दार उघडलं नाही.

"थोडं वर, भाऊसाहेब," शिपाई हळूच म्हणाला. "आणि कमरेतून."

किल्लेदारांनी कमरेतून दिला. दार सताड उघडलं, आणि त्याच क्षणी पाठीत ती जुनी ओळखीची कडी पडली. ते चौकटीत काटकोनात उभे राहिले. आत येता येईना, बाहेर जाता येईना. माणसांनी त्यांना तसंच, त्याच आकारात, उचलून टॅक्सीत नेऊन ठेवलं. टॅक्सी निघण्यापूर्वी त्यांनी शिपायाला घरचा फोन लावायला सांगितला आणि कानाशी धरायला लावला.

"मी आहे," ते म्हणाले. "लवकर येतोय."

"काय झालं?" बायकोचा आवाज एकदम बारीक झाला.

"काही नाही. स्नायू धरलाय."

शिपायाने फोन कट झाला का ते पाहिलं आणि पुन्हा कानाशी धरला.

"कुठला?" तिने विचारलं.

"पाठीचा. फक्त पाठीचा. दार ढकलताना."

"छाती?"

"छातीला काही नाही. छाती मोकळी आहे."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "या सावकाश," ती म्हणाली. "चहा टाकते. अर्धा नाही, पूर्ण टाकते."

किल्लेदार घरी पोचले. बायको कप घेऊन बाहेर आली. तो चहा त्यांनी पूर्ण प्यायला, तिच्या समोर, उभ्यानेच, कारण खाली बसता येत नव्हतं.